मानाची चढाई

विमलाने तळहातावर करंजेल घेऊन नवऱ्याच्या गुडघ्याला लावलं, तसा सत्यवानने तिचा हात झिडकारला. त्या कडवट वासाची त्याला शिसारी आली होती. उशीला तोच वास, भाताच्या घासालाही तोच. आणि ते गुडघे! पाण्यात पडून फुगलेल्या नारळासारखे. याच पायांच्या जोरावर मुंबईच्या एका गिरणीने त्याला नोकरी दिली होती आणि हुतुतूच्या संघात वर्षानुवर्षं नाचवलं होतं. गुडघा सुजला की गिरणीचा डॉक्टर सुई टोचायचा आणि सत्यवान पुन्हा रेघेवर. पाय पार कामातून गेले तेव्हा गिरणीने गळ्यात हार घातला आणि त्याला गावच्या बोटीत बसवून दिलं.

"तेल लावल्याशिवाय उठूक येवचा नाय तुमका," विमला म्हणाली. "आज मळ्यात जावचा आसा."

"कोणाक?"

"तुमका. दत्तारामभावजी गाडी घेवन येतले."

गेलं वर्षभर त्याने घरापुढच्या खळ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. दाढी वाढली होती, झोप उडाली होती, आणि कोणी विचारपूस करायला आलं की तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. पावसाळ्यात एकदा परसातल्या विहिरीचा दोर सोडून, तो हातात धरून तो नुसताच उभा होता. जवळ कळशी नव्हती. विमलाने ते पाहिलं. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ती दोर घरात आणून आपल्या उशाखाली ठेवायची. का, ते त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

सरपंच दत्ताराम बैलगाडी घेऊन आलाच. गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटून वर्ष होत आलं होतं, त्या आनंदात गावाने हुतुतूचे सामने ठेवले होते. भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात माणूस मावत नव्हता. दत्तारामने सत्यवानला खुर्चीत बसवलं आणि पुस्तकी मराठीत भाषण ठोकलं. 'गावचं रत्न', 'अजिंक्य वीर', 'आमचे दैवत'. जिवंतपणी स्वतःच्या श्राद्धाला जेवायला बसवावं तसं सत्यवानला झालं. या तोंडांतलं एक तरी तोंड खरं बोलेल तर शपथ!

"आता एक मानाची चढाई जावंदे, दादानू," दत्ताराम त्याच्या कानाशी म्हणाला.

दोघांनी धरून त्याला रेघेपर्यंत नेलं. तिथे त्याने त्यांचे हात सोडवले, माती कपाळाला लावली आणि दम घेतला. हुतुतुतुतु... गुडघे गेले होते, पण छाती शाबूत होती. क्षणभर त्याचं त्यालाच नवल वाटलं. बरं वाटलं.

समोर लवू होता, गावच्या संघाचा नायक, खांबासारखा पोरगा. सत्यवानने हात लांब केला. बोटं अजून वीतभर दूर होती, तोच लवू "लागलो!" म्हणून आपणहून बाद होऊन बाजूला झाला. मग दुसरा, मग तिसरा. तिसरा तर हसत गेला, रांगत्या पोराला जिंकू द्यावं तसा. टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्यवानच्या अंगावर किळसेचा काटा आला.

त्याने तोंड मिटलं.

परक्या अंगणात दम तुटला की गडी बाद, हे शेंबडं पोरही जाणतं. पंचाने शिट्टी तोंडात धरली आणि दत्तारामकडे पाहिलं. दत्ताराम टाळ्या वाजवतच होता.

"म्हणा मा, दादानू," लवू कुजबुजला. "आमी तुमका धरणव नाय."

सत्यवान हलला नाही. गुडघ्यांत आग पेटली होती. बाद व्हायचाही हक्क हे लोक आपल्याला देईनात! टाळ्या थांबेनात.

"दम तुटलो त्येंचो! बाद!"

बायकांच्या बाजूने आवाज आला. विमला उभी राहिली होती. शेजारणी तिचा पदर ओढून तिला खाली बसवू लागल्या, पण ती बसेना.

"दिसना नाय तुमका? बाद देवा त्येंका!"

टाळ्या विरल्या. दत्ताराम खाली बघू लागला. पंचाने कशीबशी शिट्टी फुंकली. सत्यवान वळला, कोणाचाही हात न धरता लंगडत रेघेपार आला आणि बाद गडी बसतात तिथे मातीत बसला. आजवर कितीदा तरी बसला होता तसाच.

"लवू," तो ओरडला, "आता खराखुरा खेळ. आणि गुडघो सुजलो तर घराक जा. सुई घेव नको. आयकलंस मा?"

खेळ सुरू झाला. सत्यवान शेवटापर्यंत बघत बसला, आणि चुकीच्या पकडीला त्याने पंचाला शिव्याही घातल्या.

घरी आल्यावर त्याने आपणहून पाय लांब केला.

"ता तेल हाड गो."

विमला चोळत राहिली. वास तसाच घाणेरडा होता. दिवेलागण कधीच टळून गेली होती.

"दोर हाडूचो रवलो तुझो," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. तिने परसदाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"रवांदे," ती म्हणाली आणि तिने दुसरा गुडघा जवळ ओढला.