अन्नदावरची उघाडी

सोमवारी सत्यवतीचं मौन असे. सकाळच्या अंघोळीपासून तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागेपर्यंत ती एक शब्द बोलत नसे. नऊ वर्षं हे व्रत चाललं होतं आणि नोकरीत त्याची कधी अडचण आली नव्हती, कारण तिचं कामच ऐकण्याचं आणि लिहिण्याचं होतं. पनवेलला एसटी स्टँडच्या मागे अन्नदा ग्रहाचं संदेश केंद्र होतं. तिथल्या तीन नंबरच्या खिडकीत बसून ती लोकांचे निरोप शुद्ध मराठीत उतरवून घ्यायची. रोज चार वाजता निरोपांची फेरी निघे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अन्नदावर पोचे. माणशी वीस शब्द, त्याच्यावर एकही नाही.

अन्नदा म्हणजे सगळी शेतीच. वर ताऱ्यांच्या पलीकडे जो ताफा वर्षानुवर्षं लढत होता, त्याला लागणारा तांदूळ तिथे पिकायचा. दोन हजार अकरा साली पनवेलमधून पहिलं यान गेलं, तेव्हा पस्तिशीच्या आतलीच माणसं घेतली. खाडीकाठची पोरं निघाली. कुणी टेम्पो चालवणारा, कुणी खारघरला टॉवरखाली वॉचमन. अर्जात सगळ्यांनी 'शेतकरी कुटुंब' लिहिलं होतं, पण त्यांच्या घरच्या जमिनी ती पोरं शाळेत जायच्या आतच शहराखाली गेल्या होत्या. ज्यांना शेती येत होती ती म्हातारी माणसं मागे राहिली.

रोडपालीच्या गुणाबाई त्यांतल्याच. त्यांचा मुलगा कुंदन, सून प्रांजल आणि सहा वर्षांची नात रिया अन्नदावर होती. तिघांचं घर समुद्राच्या बांधाला लागून, पाण्याच्या पातळीच्या खाली. शनिवारी प्रांजलचा आणि पाठोपाठ कुंदनचा निरोप आला होता. बांधातल्या दाराचं यंत्र बंद पडलंय, सुटा भाग यायला आठ महिने लागतील, आणि गुरुवारी संध्याकाळी दोन्ही चंद्रांची मिळून मोठी भरती आहे. तू नि बाबा खारजमिनीत शेती करायचात, तर दाराचं काय करू?

सोमवारी गुणाबाईंनी उत्तर सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज ठाम होता.

"लिव बाय. उगाडी धर. ओहोटी लागल्याबिगर सोडू नको. बस. दुसरं काय नको."

सत्यवतीने मान वर केली. दुसरा कुठला वार असता तर तिने विचारलं असतं. मौन होतं. लिहून विचारावं, तर गुणाबाईंना वाचता येत नव्हतं, आणि मागे रांग दारापर्यंत गेली होती. गावाकडची माणसं 'घ'चा 'ग' करतात, काना कुठेही देतात, हे तिला सवयीचं होतं. तिने 'उगाडी'चं 'उघडी' केलं, 'लागल्याबिगर'चं 'लागल्याशिवाय' केलं, आणि कागद पुढे सरकवला.

बुधवारी तीन वाजता अन्नदाची फेरी आली. गुणाबाई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्याच होत्या. सत्यवतीने त्यांना खिडकीशी बोलावलं आणि कुंदनचा निरोप वाचून दाखवला.

"आई, तू सांगितलंस तसं दार पूर्ण उघडं धरलंय. पाणी आत येतंय. लोक ओरडतात. पण तुझा शब्द म्हणून थांबलोय."

गुणाबाईंनी खिडकीची कड धरली.

"काय केलंय?"

"दार उघडं..."

"उगडं? मी कवा बोलली उगडं?"

"मावशी, सोमवारी तुम्हीच... उघडी धर म्हणालात."

"उगाडी बोलली मी! उगाडी!" रांगेतली माणसं वळून बघू लागली. "तुमच्याकडं काय बोलतात मना ठाऊक नाय. बांधात पानी सोडायला दार असतं नाय, लाकडाच्या फल्या टाकलेलं? ती उगाडी. ओहोटीला उगाडी सोडायची, आतलं पानी भाईर जातं. भरतीला उगाडी धरायची. धरायची म्हंजे फली खाली पाडून वरून दाबायची. बंद, बाय. बंद!"

सत्यवतीने कागदावरची ओळ परत वाचली. त्या पोराला आईने सांगितलं होतं की दार बंद कर आणि ओहोटी लागेपर्यंत हलू नको. त्याला मिळालं होतं ते एवढंच, की दार उघडं ठेव आणि ओहोटी लागेपर्यंत हलू नको. मधे एक काना होता. तो तिने स्वतःच्या हाताने खोडला होता.

"मावशी, चूक माझी आहे," ती हळूच म्हणाली. "मला शंका आली होती. सोमवार होता, मौन होतं, म्हणून विचारलं नाही. मला वाटलं तुमचा उच्चार..."

गुणाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर सत्यवतीला बरं वाटलं असतं.

"देवाचं मौन होतं ना तुजं," त्या म्हणाल्या. "मंग देवालाच सांग आता. आज फेरी कवा जाते?"

"चारला. उद्या दुपारी पोचेल. भरती संध्याकाळी आहे."

"मंग रडतेस काय? लिव."

सत्यवतीने डोळे पुसून नवा कागद ओढला तेवढ्यात केंद्राचे प्रमुख शैलेश सर आतून आले. त्यांनी भिंतीवर पाटी लावली. 'आज सार्वजनिक निरोप बंद.' रांगेतून एकदम ओरडा झाला.

"सॉरी, सॉरी सगळ्यांना," ते हात वर करून म्हणाले. "ताफ्याचा मेसेज आहे. ज्या दिवशी त्यांचा असतो त्या दिवशी बाकी काही जात नाही, तुम्हाला माहितीये. उद्या या."

सत्यवती खुर्चीतून उठली. एरवी ती सरांशी बोलताना जमिनीकडे बघायची. आज तिने सगळं सांगितलं, काना आणि मौन दोन्ही. शैलेश सर वाईट माणूस नव्हते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, मला कळतंय. खरंच कळतंय. पण सिस्टीम एकच मेसेज घेते, वीस शब्द, ताफ्याच्या सहीचा. त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माझी नोकरी जाईल."

"एक शब्द इकडचा तिकडं झाला म्हनूनच आलोय ना आमी, दादा," गुणाबाई खिडकीतून म्हणाल्या. "तुजी नोकरी जाईल. माजं घर जातंय."

सरांनी ताफ्याचा कागद टेबलावर ठेवला आणि कपाळ चोळत उभे राहिले. सत्यवतीने तो उचलला. वीस शब्द बरोबर होते: चालू हंगामातील संपूर्ण तांदूळ बियाण्यासह विनाविलंब पहिल्या उपलब्ध मालवाहू यानाने ताफ्याच्या मुख्य कोठाराकडे आवश्यक त्या सर्व कागदपत्रांसह रवाना करावा, विनंती.

तिने दोनदा वाचलं. नऊ वर्षं ती माणसांची बोलणी कापत आली होती. लोक पन्नास शब्द बोलायचे, ती वीस करायची. सरकारी कागदाला तिने कधी हात लावला नव्हता.

"सर, याचा अर्थ काय आहे?"

"अर्थ? तांदूळ पाठवा."

"आणि यानं ताफ्याच्या कोठाराशिवाय दुसरीकडे कुठे जातात?"

"नाही. तिथेच जातात."

"कागदपत्रांशिवाय यान सुटतं का?"

"नाही सुटत, मॅडम. का?"

तिने पेन्सिल घेतली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं: सगळा तांदूळ बियाण्यासह लगेच पाठवा.

"पाच झाले," ती म्हणाली. "अर्थ तोच आहे. पंधरा उरले. अन्नदावर सरकारी निरोप कर्ण्यावरून सगळ्या वस्तीला वाचून दाखवतात. कुंदनला ऐकू जाईल."

शैलेश सरांनी दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पावणेचार झाले होते.

"बियान्यासकट?" गुणाबाई मधेच म्हणाल्या. "बी पन नेतात? मंग पेरतील काय ती पोरं?"

सत्यवतीने कागद पुढे घेतला. "मावशी, या वेळी मी काही बदलणार नाही. तुम्ही बोला. मी प्रत्येक शब्द वाचून दाखवीन."

"उगाडी बोलू नको," गुणाबाई म्हणाल्या. "त्याला ठाऊक नाय तो शब्द. जमीन गेली तवा चार वर्सांचा होता. साधं लिव."

दोघींनी मिळून लिहिलं. एकीने म्हणायचं, दुसरीने वाचायचं, पहिलीने मान हलवायची. कुंदन, दार बंद कर. आधीचं चुकलं. फळी खाली दाबून धर. ओहोटी लागल्याशिवाय सोडू नको. आई.

"पंधरा," सत्यवती म्हणाली.

सरांनी कागद घेतला, ओठ हलवत वाचला आणि अवघडून म्हणाले, "मॅडम, 'विनंती' तरी राहू द्या हो. ताफ्याच्या मेसेजला विनंती नाही असं कधी झालेलं नाही. वर कुणी बघितलं तर पहिलं तेच दिसेल."

"मग एकवीस होतात."

सगळे कागदाकडे बघत राहिले. प्रत्येक शब्द जागेवर होता. मग गुणाबाईंनी बोट ठेवलं, चुकीच्या ओळीवर, पण काय म्हणायचंय ते कळलं.

"आई काडा. कर्ण्यावर शिव्या कोन घालतंय ते त्याला कळंल."

शैलेश सर हसले आणि यंत्रापाशी बसले. त्यांनी स्वतःच्या हाताने निरोप टाइप केला, कारण टाइप करणाऱ्याचं नाव खाली जातं. चारला एक मिनिट कमी असताना फेरी निघाली.

गुरुवारी सत्यवतीने पहाटे गुरुवारची पूजा केली. पोथी उघडली, पण ओळीवरून नजर घसरत राहिली. दर वाक्यात तिला एखादा काना गळाल्यासारखा वाटे आणि ती परत मागे जाऊन वाचे. नैवेद्य दाखवताना तिने देवाकडे काही मागितलं नाही. मागायला शब्द जुळवावे लागले असते. संध्याकाळी सात वाजता, अन्नदावर पाणी चढायच्या वेळेला, ती तुळशीपाशी नुसती उभी राहिली. शेजारच्या आशालताताईंनी कठड्यावरून विचारलं, "आज उपास कडक दिसतोय गं?" तिने मान हलवली. सकाळपासून तिने पाणीही घेतलं नव्हतं. ते व्रतात नव्हतं.

शुक्रवारी तीनच्या आधीपासून गुणाबाई खिडकीशी उभ्या होत्या. बाकावर बसल्या नाहीत. फेरी आली. निरोप प्रांजलचा होता. कुंदनचं नाव वर नाही हे सत्यवतीने पाहिलं. तरी तिने आधी मनात वाचायचं टाळलं. जे होतं ते त्यांच्याबरोबरच वाचायचं तिने ठरवलं होतं.

"आई, दार बंद केलं. कुंदन आणि नऊ जण फळीवर उभे. दोन चंद्र, ओहोटी लागतच नाही. किती वेळ धरायचं? सोडू का?"

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"हे कवाचं?"

"काल तिथे रात्र पडल्यावर लिहिलेलं आहे, मावशी."

"म्हंजे आता... आता पन उबा असंल?"

गुणाबाई भिंतीला टेकल्या. बोटांवर काही मोजू लागल्या. तिथी, मग प्रहर, मग पुन्हा पहिल्यापासून. त्यांचे ओठ हलत होते. काशीराम, त्यांचा नवरा, हयात असताना दोघं अमावस्येच्या उधाणाला फळीवर उभी राहायची, हे त्यांनी मागे कधी रांगेत सांगितलं होतं. तीन तास, फार तर साडेतीन. मग पाणी आपणहून मागे फिरायचं, आणि ते फिरणारच, हे माहीत असायचं.

"एक चंद्र हटतो तर दुसरा चडत असंल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तसंच असंल. का नसंल? मना काय ठाऊक? मना एकाच चंद्राचं पानी ठाऊक हाय." त्यांनी मोजणारा हात पदरात गुंडाळला. "मी त्याला सांगलं, सोडू नको. तो सोडनार नाय. मी सांगल्याबिगर तो सोडनार नाय, बाय. दार उगडं ठेव म्हनलं तर ठेवलंन. असा हाय तो."

शैलेश सर आतल्या दारात येऊन उभे राहिले होते. "काकी, आज फेरी सगळ्यांना खुली आहे," ते म्हणाले. "तुमचा मेसेज पहिला घेऊ." रांगेतल्या कुणीही कुरकूर केली नाही.

"उद्या पोचंल ना?"

"उद्या दुपारी."

"उद्या," गुणाबाई म्हणाल्या. पावणेचार वाजले तरी सत्यवतीने घाई केली नाही. पेन कागदावर टेकवून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"लिव. कुंदन, मना तिथलं कळत नाय. पान्याकडं बग. तुला वाटंल तवा सोड. रियाला घेऊन उंचावर जा."

सत्यवतीने लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"पंधरा झाले, मावशी. अजून पाच शब्द जातील."

गुणाबाईंचे ओठ उघडले. काहीतरी जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "माजं ऐकत बसंल तो. तेवडा येळ त्याला पान्याकडं बगाया मिलंल."