आखाड्यातला चेंडू

अभिमनने पितळी कप मारुतीपुढच्या ओट्यावर ठेवला आणि धनसिंगआबांनी तो शांतपणे उचलून खाली पायरीवर ठेवला.

नागपंचमी होती. पारोळ्याजवळच्या त्या गावात या दिवशी आखाड्याची माती उकरून, तेल-ताक-हळद घालून मळत, आणि वर्षभरात ज्याने जे जिंकलं असेल ते मारुतीपुढे मांडत. काय मांडायचं हे वस्ताद म्हणून आबा ठरवत, आणि आबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अभिमन त्यांचाच मुलगा होता, म्हणून तर सगळी अडचण. पासष्टच्या लढाईनंतर अभिमन कुस्ती सोडून फौजेत गेला, तेव्हापासून आबा त्याच्याशी कामापुरतंही बोलत नसत. यंदा तो छावणीतल्या जवानांच्या सामन्यात गोल्फचा कप जिंकून आला होता. या वेळीही आबांनी तोंड फिरवलं तर पुन्हा गावाकडे यायचं नाही, असं त्याने आदल्या दिवशीच आईला सांगून टाकलं होतं. ती आई, भागाबाई, बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाशी धरून उभी होती.

आबांचा लाडका पठ्ठ्या पुना याने खेळाची चौकशी केली. अभिमन सांगत गेला तशी मंडळी हसू लागली. चेंडू जागचा हलत नाही, समोर कुणी उभं नाही, अंगाला अंग लागत नाही. काठीने मारायचं आणि मागोमाग चालत जायचं. चालणं हाच खेळ असेल तर आमची म्हैस कधीचीच पैलवान झाली, असं मागून कुणीतरी म्हणालं. अभिमनचे कान लाल झाले.

आबा हसले नाहीत.

"आंगले माती लागस का त्यामां?"

"नई, आबा."

"कोनी पाडस का तुले?"



"तठे आपन सोताच सोताले पाडतस, आबा."

आबांना ते उलट बोलणं वाटलं. पडलेल्याला मारणं हे पैलवानाचं काम नव्हे, मग तो चेंडू का असेना, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं आणि हात पुढे केला.

"आन ती काठी."

एका साहेबाने दिलेली जुनी काठी अभिमनने आणली. आखाड्याच्या कडेला चेंडू ठेवला, शेताकडच्या बाजूची माणसं हटवली. काही सांगायला तो पुढे झाला, पण आबांनी डोळ्यांनीच त्याला मागे सारलं. साठी आली तरी आबांना तालुक्यात कुणी चीत केलेलं नव्हतं.

त्यांनी शड्डू ठोकला. मुदगल फिरवावा तशी काठी खांद्यामागे नेली आणि अंगातला सगळा जोर लावून घुमवली. चेंडू हललासुद्धा नाही. आबा मात्र गिरकी खाऊन ताज्या भुसभुशीत मातीत पडले, सपशेल पाठीवर, दोन्ही खांदे टेकून.

कुणी हसलं नाही. भागाबाई घोळक्यातून दोन पावलं पुढे आली. नवऱ्याचा राग तिला ठाऊक होता, आता ती काठी पोराच्या डोक्यात बसणार असंच तिला वाटलं. अभिमनने धावत येऊन हात दिला, तो आबांनी घेतला नाही. थोडा वेळ ते आभाळाकडे बघत पडून राहिले आणि मग आपले आपण उठले. अभिमन त्यांच्या पाठीची माती झटकू लागला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले आणि सगळ्या मंडळींना साक्षीला धरत वळले. "पाठ टेकनी ना? बठ्ठास्नी देखं ना?"

मग आबांनी आपल्या पठ्ठ्याकडे बोट केलं.

"पुना, तुले इचारस मी."

पुनाने खाली बघत मान हलवली.

"मंग ही कुस्तीच व्हयनी. ठेव तो कप मारोतीम्होरे."

पुना पायरीकडे गेला. आबांनी मातीतली काठी उचलली, फडक्याने पुसली आणि पोराजवळ येऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "यामां पाय कसा रोवतस?"