कडुनिंबावरचा मनीप्लांट

पवनारला, नागपूर रोडच्या कडेला शोभाबाईंचं घर आणि घरामागची मोकळी जागा. नवरा गेल्यावर तिथं त्यांनी नर्सरी घातली. शहरातली माणसं खोलीच्या कोपऱ्यात जपतात ती झाडं इथं उघड्यावर माजत. वर हिरवी जाळी, खाली ओल, एवढंच. कडुनिंबावर चढवलेल्या मनीप्लांटची पानं तर सुपाएवढी झाली होती.

धाकट्या दिराला, हिरालालला, त्या जागेवर दुकानाचे गाळे काढायचे होते. जागा शोभाबाईंच्या नावावर होती, आणि त्या सही देत नव्हत्या.

श्रावणातल्या एका सकाळी तो कुऱ्हाड घेऊनच आला. आल्या आल्या त्यानं मनीप्लांटचा मनगटाएवढा वेल तोडला, मग कुंड्या फोडत सुटला.

"भाऊजी, काऊन तोडून राह्यले?" शोभाबाई धावल्या.

"सही दे! नाई तर आज झाडं, उद्या तू!"

मुलगी जया मध्ये पडली. त्यानं कुऱ्हाडीचा दांडा तिच्या कपाळावर हाणला. ती खाली कोसळली, ओढणी रक्तानं भिजली. शोभाबाईंनी सिमेंटची कुंडी उचलली आणि त्याच्या मनगटावर आदळली. हाड कडकन मोडलं. कुऱ्हाड गळाली. तरी तो डाव्या हातानं डिफेनबेकियाचं जाड देठांचं शोभेचं झाड उपटून त्यांना झोडपू लागला. देठ फुटले आणि विषारी चीक त्याच्याच डोळ्यांत उडाला.

"मेलो वं वहिनी! आग होऊन राह्यली!" तो चिखलात लोळू लागला.

शोभाबाईंनी कुऱ्हाड उचलली. त्याची मान अगदी पायाशी होती. श्वास खाली बसेस्तोवर त्या तशाच उभ्या राहिल्या. मग कुऱ्हाड कुंपणापलीकडे भिरकावली आणि त्याचं डोकं नळाखाली दाबून धरलं.

"माय, काऊन वाचवतं त्याले?" कपाळ दाबून जया ओरडली.

"आंधळा झाला त जन्मभर आपल्याच दारात बसन."

जयाला सहा टाके पडले. ठाण्यात जमादारानं विचारलं, "मनगट तुम्हीच मोडलं?"

"हो. डोळेबी मीच धुतले. दोन्ही लिहा साहेब. पण पहिले पोरीचं डोकं लिहा."

हिरालालची नजर वाचली, पण अटक चुकली नाही. तक्रार मागं घ्या म्हणून सासरची माणसं तीनदा आली. शोभाबाईंनी तिन्ही वेळा चहा दिला. तक्रार मात्र तशीच ठेवली.