वायरमनचा उजवा हात

सासरेबुवांनी बस डेपोत पस्तीस वर्षं वायरमनचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या प्रत्येक स्विचवर नजर ठेवायचा उद्योग सुरू केला. त्यामुळे सुनेने जीपमध्ये दुसरी बॅटरी बसवायचं काढलं आणि काम एका दुकानाला द्यायचं ठरवलं, तेव्हा ते दोन वेळा जेवले नाहीत. तिसऱ्या वेळेला जेवले, पण तोंड फुगवून.

सून जनावरांची डॉक्टर. डोंगरापलीकडच्या चार वस्त्यांवर शेळ्यांना लस टोचायला वर्षातून एकदाच जाणं व्हायचं. गेल्या वर्षी बर्फाच्या पेटीतली निम्मी लस वाटेतच गरम होऊन वाया गेली, आणि चौथ्या वस्तीवरच्या साठ शेळ्या महिन्याभरात मेल्या. ते तिच्या मनाला फार लागलं होतं. यंदा तिने गाडीत चालणारा छोटा फ्रीज आणला होता. त्यातला पारा आठ अंशांच्या वर गेला की लस संपली.

दुकानदार म्हणत होता लिथियम घ्या, हलकी असते. सासरेबुवांनी नाक मुरडलं. लिथियमला वेगळा चार्जर, वेगळे लाड, आणि डोंगरात रुसली तर समजूत कोण काढणार?

"गाडी सुरू करणारी बॅटरी म्हणजे तुझा नवरा," ते सुनेला म्हणाले. "एकदा दणक्यात उठते आणि मग पडून राहते. फ्रीजला दिवसभर थोडं थोडं देत राहणारी लागते."

नवरा शेजारच्या खोलीत पडूनच होता. त्याने हरकत घेतली नाही. सून हसली आणि काम सासऱ्यांना मिळालं.

काम त्यांनी देखणं केलं, यात वादच नाही. बॉनेटखाली भट्टी पेटलेली असते, म्हणून सीलबंद बॅटरी मागच्या सीटमागे लोखंडी पट्ट्यांनी आवळली. अंगठ्याएवढी जाड केबल ओढली, कारण बारीक वायरीत वीज वाटेतच दमते. केबलच्या दोन्ही टोकांना फ्यूज घातले. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये आयसोलेटर बसवला. इंजिन चालू असलं की तो दोघींना चार्ज करायचा, बंद झालं की त्यांची ताटातूट करायचा. म्हणजे फ्रीजने आपली बॅटरी पार पिऊन टाकली तरी गाडी सुरू होणार. शेवटी दाराजवळ, आपल्या सीटच्या बाजूला, फ्रीजच्या लाइनवर लाल मुठीचा मेन स्विच लावला. हा कशाला, असं सुनेने विचारलं. मेन स्विच नसलेली गाडी त्यांना चड्डी न घातलेल्या माणसासारखी वाटायची. सुनेला त्यांनी ते जरा सभ्य शब्दांत सांगितलं आणि गॅरंटी म्हणून स्वतःही गाडीत बसले.

पहिल्या वस्तीवर पुरेल एवढी लस सुनेने बर्फाच्या डब्यात घेतली. चार तास टोचाटोची चालली. एका बोकडाने सासरेबुवांच्या शर्टाचं टोक खाल्लं. दोघं गाडीपाशी परत आली, सुनेने फ्रीज उघडला आणि तिचा चेहरा उतरला. सकाळी चारवर असलेला पारा सातवर होता.

"दुकानात दिलं असतं तर बरं झालं असतं," ती हळूच म्हणाली.

सासरेबुवांना ते चपराकीसारखं लागलं. त्यांनी मीटर लावला. बॅटरी ठणठणीत, फ्यूज शाबूत. बोटांनी केबल चाचपत ते दारापर्यंत आले आणि थबकले. लाल मूठ आडवी होती.

पस्तीस वर्षं बसमधून उतरताना त्यांचा उजवा हात मेन स्विच बंद करत आला होता. सकाळीही त्याने तेच केलं होतं. डोक्याला विचारायची त्याला गरजच पडली नव्हती.

सून पाठमोरी होती. मूठ गुपचूप फिरवावी आणि कनेक्शन सैल होतं म्हणावं, एवढं सोपं होतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मीच बंद केला," मूठ उभी करत ते म्हणाले. "काढून टाकतो हा स्विच."

सून वळली. फ्रीज घरघरायला लागला होता.

"मी अंघोळीला असताना तुम्ही गीझर दोनदा बंद केलात, बाबा. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं." मग तिने बर्फाचा डबा उचलून त्यांच्या हातात दिला. "स्विच राहू दे. फक्त गाडी थांबली की हा डबा दोन्ही हातांनी धरून उतरायचं."

दुसऱ्या आणि तिसऱ्या वस्तीवर ते तसेच उतरले. उजव्या हाताची बोटं शिवशिवायची, पण डबा सोडला नाही. चौथ्या वस्तीवर पोचले तेव्हा पारा चारवर होता आणि लस पुरून उरेल एवढी होती. गेल्या वर्षी मेलेल्या साठातल्या अकरा शेळ्या जिच्या होत्या ती म्हातारी जीपपाशी येऊन उभी राहिली. म्हाताऱ्या माणसाने ओझं धरलेलं पाहून तिने डबा घ्यायला हात पुढे केले.

"नको, बाई," सासरेबुवा डबा छातीशी आवळत म्हणाले. "मला हात मोकळे ठेवायची परवानगी नाही."