चाळीस पडदे

"सेलेस्त, जरा हात घालून बघ गं. मला चष्म्याशिवाय कळत नाहीये."

इडालिनाला चांगलं कळत होतं. टबात कोपरापर्यंत हात बुडवून ती उभी होती. शुक्रवारी त्यात चाळीस पडदे ठेवले होते. मी हात घातला. एक तुकडा वर आला आणि बोटांतून ओघळून गेला. बाकी सगळा बुळबुळीत रस.

सार्डिन माशांच्या जुन्या गोदामात आम्ही समुद्रशेवाळाच्या चिकापासून पाणी गाळायचे पडदे करतो. चीक काचेवर ओतायचा, पोलादी पातं एका दमात ओढून पातळ करायचा आणि काच कॅल्शियमच्या पाण्यात बुडवायची, की पडदा धरतो. पातं ओढावं इडालिनानंच. माझ्या पडद्याला लाटा येतात. तिच्या पडद्याआडून वर्तमानपत्र वाचावं.

चाळीस वर्षं तिनं कमरेइतक्या थंड पाण्यात उभं राहून शेवाळ ओढलं, वाळूत वाळवलं, बटाट्याच्या शेतांना खत म्हणून घातलं. नवरा गेला, मुलगा लक्झेंबर्गला गेला. साठाव्या वर्षी पहिल्यांदा छपराखालचं काम मिळालं आणि पांढरा कोट. तो ती रोज इस्त्री करून घालायची. "डॉक्टरीणबाई आल्या," म्हणून मी चिडवायचे, तर मान ताठ करून चालून दाखवायची.

आज दहाच्या गाडीनं पडदे पोर्तूला तपासणीला जायचे होते. पास झाले तर कारखाना चालणार, नाहीतर महिनाअखेर कुलूप. कुलूप लागलं की आईनं आपल्याकडे यायचं, असं मुलानं परस्पर ठरवून टाकलं होतं. "तिकडे समुद्र नाही," एवढंच ती म्हणायची.

आमच्या इंजिनिअर मातिल्द मॅडम आल्या. त्यांनी टबात बोट बुडवून जिभेला लावलं.

"इडालिनाबाई, हे खारट आहे."

"समुद्राचंच आहे. शुक्रवारी तुम्ही गेलात आणि टब गळायला लागला. भेग बुजवली, पण नळाला पाणी नव्हतं. पडदे सुकले तर मेले, असं तुम्हीच म्हणता. म्हणून आठ बादल्या आणल्या. समुद्रातली वस्तू समुद्राच्या पाण्यात नीट राहील, म्हटलं. आम्ही खेकडे ठेवतो, शिंपले ठेवतो, सगळं तसंच ठेवतो."

मॅडम स्टुलावर बसल्या. "मीठ कॅल्शियमला हाकलून लावतं. पडद्याचा परत चीक होतो."

"हे मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलंच नव्हतं."

त्या शुक्रवारी मी पुतणीच्या लग्नाचे कपडे बघायला लवकर पळाले होते. दुखऱ्या गुडघ्यांनी, वाळूतून, आठ बादल्या तिनं एकटीनं आणल्या. मी असते तर हे झालं नसतं, असं स्वतःला म्हणून पाहिलं. पण खोटं कशाला बोलू? मीही बादल्याच आणल्या असत्या. मीही इथलीच.

"मी आज दिवसभर पातं ओढते," इडालिना म्हणाली. "उद्याही."

"चीक कुठाय? तीन महिन्यांचा चीक होता तो." मॅडमचा आवाज फाटला. मग त्या हळू म्हणाल्या, "टब गळला असं पोर्तूला लिहिते. ते खरंच आहे."

"टब गळून पडदे विरघळत नाहीत, मॅडम. एवढं आता मलाही कळलं. तिथल्या लोकांना कळणार नाही?"

दहाला गाडी आली. ड्रायव्हर नवा होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. खोकी कुठायत म्हणाला. नाहीत, असं मी सांगितलं, तर तो हसला. मग आमच्याकडे बघून त्यानं पेन काढलं.

"मला कागद तर भरून न्यावाच लागेल," तो म्हणाला. "नग किती लिहू?"

मॅडमनी तोंड खिडकीकडे केलं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं आणि कुणावर ओरडायचं ते कळत नव्हतं.

इडालिनानं कोटाला हात पुसले, कोटावर चिकाचे दोन लांब पट्टे उमटले. तिनं त्याच्याकडून पेन घेतलं. नगांच्या चौकटीत शून्य काढलं आणि खाली, जिथे मॅडमची सही व्हायची तिथे, सावकाश आपलं अख्खं नाव लिहिलं. इडालिना दा कोन्सेइसांव मारिन्यु. दोनदा थांबून अक्षरं तपासली.

"बरंय," ड्रायव्हर म्हणाला आणि गाडीचं मागचं दार लावायला गेला.