आट्यांवरचं तेल

चाळीस वर्षं मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये फिटर होतो. मशीनबद्दल मला कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मला कोणी काही शिकवत नाही. सांगतही नाही.

केदार, माझा मुलगा, चांगली नोकरी सोडून समुद्रात डायव्हिंग शिकवायला जाणार, हेही मला सगळ्यात शेवटी कळलं. त्यावरून मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. अंदमानची नोकरी पक्की झाली तेव्हा माझी बायको मंदाकिनी म्हणाली, "आता तो वर्षातून एकदा दिसला तर दिसेल. जाताना काहीतरी द्या त्याला, तुमच्या हातानं." मी केदारला विचारलं, काय लागतं तुला? तो म्हणाला, "रेग्युलेटर." सिलिंडरमधली दाबाची हवा श्वासाला लागेल तेवढीच तोंडात सोडणारं यंत्र. यंत्र म्हटल्यावर मला बरं वाटलं. म्हटलं, मी येतो निवडायला.

दुकान वागळे इस्टेटमध्येच निघालं, माझ्या जुन्या कंपनीपासून दोन गल्ल्या सोडून. दुसऱ्या मजल्यावरचा गाळा, आणि रेग्युलेटर विकायला आणि दुरुस्त करायला सरोज नावाची चाळिशीची बाई. टेबल इतकं स्वच्छ की त्यावर जेवायला बसावं. मी काचेतला टायटॅनियमचा रेग्युलेटर उचलला. हलका, सुरेख काम.

"हा द्या," मी म्हणालो.

"तो नाही चालणार काका. केदारला जादा ऑक्सिजनची हवा लागणारे."

"मग? टायटॅनियम गंजत नाही."

"गंजत नाही, पण ऑक्सिजनमध्ये पेटतं. चाळीस टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन असेल तर बरेचसे साधे रेग्युलेटर चालतात. केदार खोलातून वर येताना त्याच्याहून जास्त ऑक्सिजनची हवा घेणार. त्याला पितळेचाच पाहिजे, आणि ऑक्सिजनसाठी वेगळा साफ केलेला. आतले रबर वेगळे, ग्रीस वेगळं."

ती पुढेही बरंच बोलत होती. बोटाचा डागसुद्धा नको, असं काहीतरी. मी खिडकीबाहेर बघत होतो. मुलीच्या वयाची बाई मला धातू शिकवत होती, आणि केदार मान डोलवत होता. रागात ऐकलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, हा माझा जुना रोग. शेवटी तिनं हिरव्या-पिवळ्या पट्टीचा पितळी रेग्युलेटर पिशवीत सील करून, खोक्यात घालून दिला. परत येताना टेंभी नाक्यावर देवीच्या गर्दीमुळे रिक्षा अर्धा तास अडकली. तेवढा वेळ मी मीटरचे आकडे बघत होतो आणि केदार मोबाईल बघत होता.

दसऱ्याला आमच्या डोंबिवलीच्या घरात माझ्या हत्यारांची पूजा असते. कंपनीत असताना करायचो, रिटायर झालो तरी सोडली नाही. आधी प्रत्येक हत्यार पुसायचं, मशीनच्या तेलाचा हात द्यायचा, मग हळदकुंकू, फूल. पाटावर माझा मायक्रोमीटरही असतो, निकामी झालेला. केदार आठ वर्षांचा असताना त्याच्या हातून तो पडला होता. "मांजरानं पाडला," म्हणाला. "खोटं बोलतोस?" म्हणून मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या होत्या. तेव्हापासून त्याच्या हातून काय मोडलं ते मला कधी कळलं नाही.

यंदाच्या दसऱ्याला केदार मित्रांकडे सोनं द्यायला गेला होता. मी त्याचा रेग्युलेटर आणून पाटावर ठेवला. आता हेच त्याचं हत्यार. पिशवी फोडली, सिलिंडरला आवळायचा नॉब फिरवून पाहिला. जरा कडक वाटला. हात आपोआप तेलाच्या कुपीकडे गेला. आट्यांवर दोन थेंब टाकले, फिरवून फिरवून मऊ केला, मग हळदकुंकू वाहिलं. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

संध्याकाळी केदारनं सामान भरताना तो हातात घेतला. बराच वेळ बघत बसला.

"बाबा, पूजा तुम्ही केलीत?"

"मग काय शेजारी करणार?"

"बरं," तो म्हणाला, आणि रेग्युलेटर रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवला. दुसऱ्या दिवशी विमान दुपारचं होतं, तरी हा सकाळी आठलाच निघाला. माझ्या पाया पडला. मी पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

चौथ्या दिवशी रिकामा खोका रद्दीत टाकताना आतून एक चिठ्ठी पडली. सरोजच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ऑक्सिजनसाठी साफ केलेला. तेल, ग्रीस, काहीही लावू नये. दाबाखाली पेट घेतो.'

केदारला फोन लावला, बंद. पुन्हा लावला. मंदाकिनीनं विचारलं काय झालं, तर तिच्यावरच ओरडलो. मग मेसेज लिहायला घेतला. पहिल्यांदा लिहिलं, 'रेग्युलेटर एकदा तपासून घे.' कारण नाही, काही नाही. पोराचा जीव टांगणीला आणि मी अजून अब्रू सांभाळत होतो. स्वतःची लाज वाटली. ते पुसलं आणि लिहिलं, 'आट्यांना मी मशीनचं तेल लावलंय. वापरू नकोस. चूक माझी आहे.' हे शेवटचं वाक्य मी जन्मात कोणाला लिहिलं नव्हतं. मेसेज गेला, पण पोचल्याची खूण होईना.

तिथल्या डायव्हिंगवाल्यांचा नंबर सरोजकडे असेल म्हणून तसाच रिक्षा करून ठाण्याला गेलो.

"तुमच्या रेग्युलेटरला तेल लागलंय," मी दारातूनच म्हणालो. "अंदमानला कळवा लगेच."

सरोज उठली. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कपाटातून एक ट्रे काढून टेबलावर ठेवला. त्यात पितळेचे भाग सुटे मांडलेले होते, शेजारी हिरवी-पिवळी पट्टी.

"केदार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देऊन गेलाय काका. मी त्याला माझा दिलाय तोवर, साफ केलेला. काळजी करू नका."

मी पट्टीकडे हात नेला, आणि मागे घेतला.

"म्हणाला, माझ्याच हातून तेल लागलं," ती पुढे म्हणाली. "मी पण खूप बोलले त्याला. इतकी वर्षं डायव्हिंग करतोस आणि एवढं कळत नाही? ऐकून घेतलं बिचाऱ्यानं."

"त्यानं नाही. मी लावलं."

"नंतर कळलं," ती हळूच म्हणाली. "उघडला तेव्हा आट्यांत कुंकू निघालं. तुम्हाला सांगू नका म्हणालेला, पण तुम्ही स्वतःच आलात म्हणून."

मी ट्रेकडे बघत बसलो. माझ्या चुकीनं त्याचा जीव गेला असता. पण मला ते सांगण्यापेक्षा परक्या बाईच्या शिव्या खाणं त्याला सोपं वाटलं होतं. असा बाप झालो होतो मी.

तेवढ्यात फोन वाजला. केदारचा मेसेज होता.

'कसलं तेल बाबा? मला तर काही दिसलं नाही. आज सकाळीच वापरला, एकदम मस्त चालतोय. सगळे विचारत होते कोणी घेऊन दिला.'

माझ्यासमोर त्याचा एकेक स्क्रू सुटा पडलेला होता. 'खोटं बोलतोस?' हे दोन शब्द बोटांवर आले होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, सरोजनं तोंड फिरवलं.

मी लिहिलं, 'बरं.'