लई गरीब घोडी

मी वरातीची घोडी बोलतेय. गोड ऐकायचं असेल तर बँडवाल्याकडे जा. माझ्याकडे आता गोड काही उरलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी तुमच्याशी बोलतच नाही. माळेगावच्या यात्रेत खुंटाला बांधलेलं एक पांढरं शिंगरू होतं, त्याच्याशी बोलतेय. ते शिंगरू म्हणजे मीच.

त्या घोडेबाजारात अहमदपूरचे बसलिंगप्पा आले. मंडप, बँड आणि घोडा असा त्यांचा धंदा. त्यांनी माझे ओठ उचकटून दात पाहिले, शेपटी ओढली, मांडीवर थाप मारली. मी हलले नाही. विकणारा म्हणाला, "मालक, लई गरीब हाय. लेकरू पोटाखालून गेलं तरी पाय उचलत न्हाई."

बसलिंगप्पा खूश झाले. मीसुद्धा झाले. मला वाटलं, कौतुक चाललंय.

अगं वेडे, हिला काहीही केलं तरी चालतं, असं तो सांगत होता!

मला नाचायला शिकवलं बसलिंगप्पांच्या गड्यानं, मलप्पानं. तो हलगी वाजवायला लावायचा आणि ठेक्यावर माझ्या पायाच्या नळीवर छडी मारायचा. एक पाय वर. पुन्हा छडी, दुसरा पाय वर. पुढं छडीची गरज उरली नाही. हलगी ऐकली की नळ्या आपोआप ठणकायच्या आणि पाय उचलले जायचे. लोक म्हणायचे, काय नाचते राव! पोरी, पाय उचलायचाच होता तर नाचायला कशाला उचललास?

मी चांगली रुळल्यावर अंजू या घरात सून म्हणून आली. बसलिंगप्पांच्या शिवकुमारची बायको, उदगीरची, मास्तरकीचं शिकलेली. आल्या आल्या सासूबाई गुरम्मा शेजारणीला सांगत होत्या, "सून लई गरीब मिळाली बघा. वर मान करून बोलत न्हाई." मी कडबा चघळायची थांबले.

अंजूला लातूरच्या एका शाळेत शिकवायला बोलावलं होतं. सासरे म्हणाले, "लग्नसराई होऊ दे, मग बघू." आमच्या घरातली लग्नसराई कधी संपते का? तुळशीचं लग्न झालं की सुरू, ती थेट पाऊस पडेपर्यंत. तोवर घरात बँडवाल्यांचे डबे, मंडपवाल्यांचा चहा आणि माझं शेण. सगळं अंजूच्या अंगावर. मला पाणी पाजताना ती माझ्या मानेला कपाळ टेकून उभी राहायची.

मग जळकोटकडच्या एका गावातली ती वरात आली. नवरदेवाच्या दोस्तांना मोबाईलसाठी घोडी दोन पायांवर उभी राहिलेली हवी होती. त्यांनी फटाक्यांची माळ माझ्या पायांत टाकली. वर नवरदेव, तोंडात काट्याचा लगाम, तो मलप्पाच्या मुठीत. माळ तडतडली, तरी मी जागा सोडली नाही. एक ठिणगी डाव्या डोळ्यात गेली. कुणीतरी ओरडलं, "अजून एक लाव बे, काही करत न्हाई ती!"

आणि खरंच, मी काही केलं नाही.

घरी आल्यावर अंजूनं उकळून निववलेल्या पाण्यानं डोळा धुतला. सासऱ्यांना म्हणाली, "मामा, डॉक्टरला बोलवा." बसलिंगप्पा चहा पीत म्हणाले, "उद्या वरात हाय. मोत्याची झालर जरा खाली ओढायची. झाकतो डोळा."

दुसऱ्या दिवशी मलप्पानं झालर ओढली. मणी डोळ्यावर घासला आणि मी कण्हले. तेवढ्यात अंजू फाटकात येऊन उभी राहिली.

"मामा, आज घोडी जाणार न्हाई."

"काय म्हणलीस?"

"मी डॉक्टरला फोन केलाय. ते यायलेत."

"तुला कोण इचारलं? आत हो."

शिवकुमार खालच्या आवाजात म्हणाला, "अंजू, जा की आत. मोठ्यांचा मान ठेव जरा."

"मान ठेवूनच गप बसले आजवर. तिचा डोळा चाललाय, तुम्हाला दिसत न्हाई का?"

बसलिंगप्पांनी तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं. अंजू भिंतीवर आदळली. तिकडं मलप्पानं लगामाला हिसका दिला. माझ्या तोंडात रक्ताची चव आली आणि मी मागचे दोन्ही पाय उचलून हाणले. मलप्पा वीतभरानं वाचला. त्याच्यामागं ठेवलेला बँडचा मोठा ढोल मात्र आरपार फुटला.

सगळे मागं सरले. बसलिंगप्पांच्या हातातून अंजूचा दंड कधी सुटला, त्यांनाही कळलं नाही.

नवरदेव जीपमधून गेला. लग्न लागलं, जेवणावळ उठली. कुणाचं काहीही अडलं नाही. इतकी वर्षं ज्या वराती माझ्यावाचून निघणारच नाहीत असं मला वाटायचं, त्यांच्यात माझी ही किंमत.

डॉक्टर आले, पण डोळा वाचला नाही. आता मी परसात उभी असते. एका डोळ्यानं आंधळी आणि लाथा झाडणारी घोडी कोण विकत घेणार? बसलिंगप्पा म्हणतात, घोडी बिघडली. गुरम्मा म्हणतात, सूनही बिघडली. कारण अंजू रोज सकाळी एसटीनं लातूरला शिकवायला जाते. शिवकुमार आधी तिच्याशी बोलत नव्हता. आता तोच तिला स्टँडवर सोडतो. माझ्यापुढं पेंढी टाकल्याशिवाय अंजू घर सोडत नाही.

पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. शिंगरा, चूक तुझी नव्हती. मारणाऱ्याची होती. पण मारणारा ऐकून घेत नाही, म्हणून तुला सांगतेय. पहिल्या छडीलाच लाथ घाल. डोळा जाईपर्यंत थांबू नकोस.

आणि वऱ्हाडी मंडळी, जाता जाता तुम्हालाही सांगते. वरातीत घोडी नाचताना दिसली तर आधी तिच्या कानांकडे बघा. ते मागं दुमडून मानेला चिकटले असतील तर ती आनंदात नाही. माळ पायात टाकणाऱ्याचा हात तिथंच धरा. नाही धरलात, तर निदान तिच्या मागं उभे राहू नका.